सहाव्या माळेचं ग्लुकोज

आमच्या आत्यांचं हृदय मेलंय की नुसतं झोपलंय, एवढाच प्रश्न होता. अख्खं नव्हे, हृदयाची पुढची भिंत. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, लीलाबाई. आमच्या खंडाळा तालुक्यात सासूला आत्याच म्हणतात. दोन वर्षांमागं उसातलं तण भांगलताना त्यांच्या छातीत कळ आली, तर बाईनं पित्त झालं म्हणून सोडा पिऊन दोन दिवस ते दुखणं अंगावर काढलं. तिसऱ्या दिवशी मी बघितलं तर ओठ निळे. मग काय धावपळ झाली ते विचारू नका.

यंदा चार पावलं टाकली तरी दम लागायला लागला, तसं त्यांना साताऱ्याला नेलं. तीन नळ्या तुंबलेल्या. सर्जन म्हणाले, "पुढची भिंत जिवंत असेल तर बायपास करतो, बाई पुन्हा रानात जातील. पण ती मेलेली असेल तर छाती उघडून उपयोग नाही, उलट टेबलावरच जातील. नुसत्या अंदाजावर मी सुरी लावणार नाही." नेहमीच्या सगळ्या तपासण्या काठावर आल्या होत्या. किडनी नाजूक, म्हणून एमआरआयचं नेहमीचं औषध द्यायला कुणी धजत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी आमची गत.

तेव्हा सर्जननीच सांगलीचं नाव काढलं. तिथं एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नव्या तपासणीचा अभ्यास चालू होता. ऑगस्टमध्ये आम्ही जाऊन डॉक्टर सोनिया मगदूम यांना भेटलो. चाळिशीच्या, बारीक चणीच्या, सांगलीच्याच. बोलताना समोरच्याला कळलंय का ते डोळ्यांत बघून खात्री करायच्या, म्हणून मला आवडल्या.

"हृदयाला सारखं काहीतरी जाळावं लागतं," त्या आत्यांना सांगत होत्या. "कधी ते साखर जाळतं, कधी चरबी. साखर जळताना मध्ये एक पदार्थ होतो, त्याला पायरूव्हेट म्हणतात. तोच आम्ही तयार करून शिरेतून देतो. जिवंत स्नायू तो जाळतो, मेलेला जाळत नाही. आणि ते जळणं एमआरआयमध्ये तिथल्या तिथं दिसतं."

"मग हे सगळीकडं का करत न्हाईत?" मी विचारलं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे, शिरवळला पशुखाद्याच्या कारखान्यात क्वालिटीच्या लॅबमध्ये सहा वर्षं काम करते. मला कुणी नुसतं गोड बोलून गप्प बसवू शकत नाही.

"कारण नुसतं पायरूव्हेट मशीनला दिसतच नाही," डॉक्टर म्हणाल्या. "त्यातल्या कार्बनच्या प्रत्येक कणात एक बारीक चुंबक असतं, आणि सगळ्यांची तोंडं दहा दिशांना. आम्ही ते उणे दोनशे बहात्तरला गोठवतो, मोठ्या चुंबकात दोन-तीन तास ठेवतो. मग शंभरातले तीस-पस्तीस कण एका दिशेला तोंड करून उभे राहतात, तेव्हा कुठं मशीनला दिसतात. पण विरघळवून बाहेर काढलं की मिनिटाभरात ते मोडायला लागतात. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास."

आत्या इतका वेळ पदराचा काठ चाळवत ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हंजी सावधान म्हणून उबं केलं आन् लगीच विश्राम. आमचा विश्वजीतबी पल्टनीत हेच करतोय की."

डॉक्टर खळखळून हसल्या. मग मात्र गंभीर झाल्या. "एक गोष्ट नीट ऐका. येताना पोटभर खाऊन यायचं. आणि आल्यावर आम्ही ग्लुकोजचं पाणी देऊ, ते शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचं. पोट रिकामं असलं की हृदय साखर सोडून चरबीवर जातं. मग जिवंत स्नायूसुद्धा आमचं औषध जाळत नाही, आणि चित्रात मेल्यासारखा दिसतो. कळलं?"

"कळलं," मी म्हणाले. आत्यांनीही मान हलवली. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

तारीख मिळाली ती ऑक्टोबरातली, आणि ती नेमकी नवरात्रात. सहाव्या माळेला.

आता आमच्या घरातलं नवरात्र सांगते. एरवी आत्यांचा उठता-बसता उपास असायचा, पहिला दिवस आणि शेवटचा दिवस. पण मे महिन्यात आमच्या ह्यांच्या पलटणीची गाडी दरीत गेली. हे, म्हणजे विश्वजीत, मागच्या गाडीत होते म्हणून वाचले. पण ते आम्हाला कळायला तीन दिवस लागले. ते तीन दिवस आत्या देव्हाऱ्यापुढनं उठल्या नाहीत, आणि त्यांनी मांढरदेवच्या काळूबाईला नवस बोलला, की पोरगा नोकरी संपवून घरी येईपर्यंत नवरात्र निरंकार धरीन. दिवसभर अन्न नाही, पाणी नाही, संध्याकाळची आरती झाली की कपभर बिनसाखरेचं दूध. हृदयाच्या गोळ्या मी जबरदस्तीनं द्यायचे, तर त्या म्हणायच्या, "गोळीपुरता घोट देवी माफ करती." जशी काही देवीनं त्यांना कानात येऊन सांगितलंय.

तपासणीच्या दिवसापुरतं मोडा, म्हणून मी पंधरा दिवस डोकं फोडलं. शेवटी त्या म्हणाल्या, "बरं बाई, आयकते डाक्टरीनबाईचं." निघायच्या सकाळी मी भाकरी-भाजीचं ताट पुढं ठेवलं आणि आवरायला आत गेले. बाहेर आले तर ताट रिकामं. मला वाटलं, चला, देवी पावली.

सांगलीला पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. अंजना सिस्टरनी बोटातून रक्त घेतलं, सुई लावली, कागद भरले. "नाश्ता केलाय ना?" त्यांनी विचारलं. "व्हय तर," आत्या म्हणाल्या. मग सिस्टरनी काचेचा मोठा ग्लास आणला. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज, वरनं लिंबू पिळलेलं. "दहा मिनिटांत संपवा, मी आलेच," म्हणाल्या आणि पडदा ओढून गेल्या.

"प्या," मी म्हणाले.

"आज कितवी माळ?" आत्यांनी विचारलं.

"सहावी. प्या आता."

त्यांनी ग्लास हातात घेतला आणि तसाच धरला. मी विचारलं, "आत्या, सकाळी खाल्लंसा न्हवं?"

"म्हशीला घातली भाकरी."

"आगं बाई! डोकं फिरलं का तुमचं?" मी दातओठ खात कुजबुजले, कारण पडद्यापलीकडं माणसं होती. "तीन तास गाडीत हाडं खिळखिळी करून आलो ते कशाला?"

"तपासणी कराय आलो. उपास मोडाय न्हाई."

"त्यांनी ढीगभर समजावलंय! उपाशी हृदय मेल्यावानी दिसतंय म्हणून!"

त्या शांत होत्या, तेच मला सहन होत नव्हतं. म्हणाल्या, "त्याचा फोन कवा आलाय?"

"चार दिस झालं."

"वर बरफ पडाय लागलंय म्हणत हुता. नवसाचं पयलंच वरीस हाय रेश्मा. म्या हितं साखरपाणी पिऊ, आन् तकडं त्याच्या गाडीचं चाक घसरलं तर? तू सांग. तू म्हण, पिवा, म्या आत्ता पिते. पर मग त्याचं बरंवाईट तुज्या पदरात."

एकच शब्द म्हणायचा होता. पिवा. कारखान्यात मी मोठमोठ्या ट्रकवाल्यांना तोंडावर नाही म्हणते. देवळात गेले तर हात जोडते, पण मागत काही नाही. आणि तरी तो शब्द माझ्या तोंडातून निघेना. मला मे महिन्यातले ते तीन दिवस आठवले, बंद फोन आठवला, आणि मला भीती वाटली. खरं सांगते, लाज वाटते तरी सांगते. एका बाजूला आत्यांचं हृदय होतं, दुसऱ्या बाजूला माझा नवरा, आणि मी नवऱ्याच्या बाजूला गेले.

आत्यांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असणार. त्यांनी ग्लास माझ्यापुढं धरला. "तू पी. तुला कुटं उपास हाय."

मी प्याले. उभ्या उभ्या, चार घोटांत. पडदा सरकला तेव्हा रिकामा ग्लास आत्यांच्या हातात होता. "शाब्बास आजी," अंजना सिस्टर म्हणाल्या, आणि कागदावर खूण केली. मी स्वतःला सांगितलं, एवढ्यानं काय होतंय? एवढं मोठं मशीन, त्याला एका ग्लासाचा फरक पडणार आहे होय!

नातेवाईक म्हणून मला काचेमागं उभं राहू दिलं. आत्या आडव्या, छातीवर पट्टा बांधलेला, मशीनच्या तोंडातून फक्त पाय दिसत होते. शेजारच्या खोलीत औषध गोठवलेलं. डॉक्टर म्हणाल्या, "सोडा." आतून गरम पाण्याचा फस्स आवाज आला आणि सगळी माणसं एकदम हलली. एक जण ओरडला, "आम्लता बरोबर!" दुसरा म्हणाला, "तापमान बरोबर!" तिसऱ्यानं गाळण तपासलं आणि हात वर केला. मिनिटसुद्धा झालं नसेल. आमच्याकडं एका पोत्याचा निकाल लावायला दोन दिवस जातात. सिस्टर सिरिंज घेऊन अक्षरशः पळाल्या, औषध शिरेत गेलं, आणि डॉक्टर कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघत बसल्या. इतकी माणसं एका मिनिटासाठी जीव टाकत होती, आणि माझ्या तोंडात अजून लिंबाची चव होती.

चौथ्या दिवशी डॉक्टरांनी साताऱ्याच्या सर्जनना आणि आम्हाला एकत्र फोनवर घेतलं. "सगळंच हृदय मंद दिसतंय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज उतरलेला होता. "पुढच्या भिंतीत तर काहीच नाही. पोटभर खाऊन, ग्लुकोज पिऊनही एवढं कमी, म्हणजे स्नायू फार थकलेत. या एकट्या तपासणीवर मी कधीच निर्णय देत नाही, पण बाकी सगळं काठावर असताना..." सर्जन म्हणाले, "मग मी हात लावत नाही. गोळ्यांवर जेवढं होईल तेवढं."

पोटभर खाऊन, ग्लुकोज पिऊन. त्या वाक्याशी मी तोंड उघडायला हवं होतं. फोन माझ्याच हातात होता.

आत्यांना उलट बरं वाटलं. "चिरफाड टळली बाई," म्हणाल्या. दसऱ्याला त्यांनी उपास सोडला, सोनं वाटलं, ह्यांचा फोन आला तर रडल्या, हसल्या. "बगितलंस? सुखरूप हाय," मला म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवसापासून गोठ्याच्या तीन पायऱ्या त्यांना दोन वेळा बसून चढाव्या लागायला लागल्या. मी रोज सकाळी डबा भरताना त्यांना त्या पायरीवर बसलेलं बघायची. खाई त्याला खवखवे म्हणतात, मी तर प्यालेली. रिपोर्ट तो रिपोर्ट, भिंत खरंच मेली असेल, उपाशी नसत्या तरी हेच निघालं असतं, असं काहीबाही मनाशी बोलत मी बस पकडायची. असे अकरा दिवस गेले.

अकराव्या दिवशी लॅबमध्ये बाळासो मक्याचा नमुना घेऊन आला. बाळासो आमचा गोदामाचा सुपरवायझर, पन्नाशीचा, माणूस चांगला पण कामाचा आळस. नमुना घ्यायचा तर गाडीच्या वरनं, मधनं, तळातनं, आठ-दहा पोत्यांतून काढायचा असतो. मी पिशवी हातात घेतली आणि वासावरून ओळखलं, हा अख्ख्या गाडीचा मका नव्हे.

"बाळासो, हे किती पोत्यांतनं काढलंसा?"

"वरच्याच एका. घाई हुती."

"वरच्या एका पोत्यातनं मूठभर आणायचं, आन् मी अख्ख्या गाडीचा निकाल लावायचा? उद्या हजार जनावरं हे खाणार हायत! नमुनाच खोटा असला तर माझं मशीन काय चाटायचंय का?"

"म्याडम, एवढ्यानं काय हुतंय?" तो म्हणाला.

मी पिशवी खाली ठेवली. कागदावर लिहिलं, नमुना अवैध, चाचणी केली नाही. सही केली. आणि मी लिहिलेलंच पुन्हा पुन्हा वाचत राहिले. बाळासो घाबरला, "पाणी आणू का" म्हणाला. मी त्याला बाहेर घालवलं, दार लावलं आणि सांगलीला फोन लावला.

सगळं सांगितलं. भाकरी, म्हैस, नवस, ग्लास.

"रेश्मा, तुम्ही लॅबमध्ये काम करता ना?" डॉक्टर एवढंच म्हणाल्या.

थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मी रडत होते, त्या थांबल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "माझी आई पर्युषणात आठ-आठ दिवस नुसत्या पाण्यावर राहते. कुणी कितीही सांगा, ऐकत नाही. मला तुमचे देव बसलेत का हे विचारायला हवं होतं. प्यायल्यावर पुन्हा एकदा बोटातून रक्त घ्यायला हवं होतं. आम्ही ग्लासवर विश्वास ठेवला." त्यांनी अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला लिहून, भांडून, आत्यांसाठी दुसरी तारीख मिळवली. तीन आठवड्यांनंतरची. त्याआधी मशीन मोकळं नव्हतं.

संध्याकाळी आत्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा दगडासारखा झाला. "म्हंजी आता पुन्ना जायाचं. आन् चिरायचंबी."

"जिवंत असली भिंत तर, व्हय."

"तुला गप बसाय येत न्हवतं?" त्या म्हणाल्या. दोन दिवस माझ्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच करून मलाही अर्धा कप दिला.

तारखेला आठ दिवस उरले असताना, भरदुपारी, अंगणात शेंगा फोडता फोडता त्यांचा हात थांबला. सूप मांडीवरून घसरलं. "रेश्मा, तसंच हुतंय गं," एवढंच बोलल्या. माझी त्या दिवशी सुट्टी होती म्हणून, नाहीतर काय झालं असतं? शेजारच्या नाथाजी भाऊजींनी गाडी काढली, अर्ध्या तासात शिरवळच्या दवाखान्यात पोचलो. तिथले डॉक्टर म्हणाले, छोटा अटॅक, लवकर आणलंत. तीन दिवसांनी घरी सोडलं. मी त्यांच्या उशाशी बसून हिशेब करत होते. त्या दिवशी पडद्याआड एक शब्द बोलले असते तर आत्तापर्यंत ऑपरेशन होऊन टाके वाळले असते.

दुसऱ्या वेळी सांगलीला आत्यांनी दोन चपात्या, भाजी, वर गुळाचा खडा असं सगळं माझ्या डोळ्यांदेखत खाल्लं. ग्लुकोज डॉक्टरांनी स्वतः समोर उभं राहून पाजलं. पुन्हा बोटातून रक्त घेतलं. पुन्हा तो फस्स आवाज, ती पळापळ. ह्या वेळी पडद्यावर उजेड आला. हृदयाची मागची बाजू, खालची बाजू झगमगली. पुढची भिंत वरच्या अंगाला उजळली, आणि खालच्या अंगाला काळीच राहिली.

"निम्म्याहून जास्त जिवंत आहे," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. "एवढं पुरे आहे. सर्जन करतील."

मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण माझी नजर त्या काळ्या भागावरून हलेना. "मॅडम, हा भाग तवा जिवंत होता का? पहिल्या वेळी?"

त्यांनी पहिलं चित्र उघडलं आणि शेजारी ठेवलं. सगळं हृदय राखेच्या रंगाचं. "यात सगळंच विझलेलं आहे," त्या म्हणाल्या. "कुठलं उपाशी होतं आणि कुठलं मेलेलं, हे यातून काढता येत नाही. आधीच मेलेलं असेल. परवाच्या अटॅकमध्ये गेलं असेल. आता कुणीच सांगू शकत नाही, रेश्मा. तुम्ही विचारत बसू नका."

बसू नका म्हणणं सोपं असतं.

ऑपरेशनसाठी हे सुट्टी काढून आले. बर्फातून तीन गाड्या बदलून, दाढी वाढलेली, डोळे लाल. साताऱ्याच्या हॉस्पिटलात आत्यांच्या खाटेशी बसून त्यांनी फाइल चाळली. फौजी माणूस, कागद नीट वाचतो. एका पानावर थांबले.

"पयली तपासणी बाद म्हणून लिहिलंय. का?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्याआधी आत्या बोलल्या, खाटेवरून, छताकडं बघत. "त्यांनी साखरपाणी दिल्यालं प्यायाला. उपास हुता, म्या बेसिनात वतलं. हिला म्हाईतबी न्हाई."

हे इतके चिडले, की शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. "आये, तुला काय अक्कल? हितं ही एकटी तीन-तीन तास तुला घिऊन फिरती, नोकरी बगती, घर बगती, आन् तू देवाधर्माचं नाटक करून सगळ्यावर पाणी वततीस? एका महिन्यात काय झालं असतं तुझं, म्हाईत हाय का?"

आत्या ऐकून घेत होत्या. माझ्याकडं बघून त्यांनी मान किंचित हलवली. नाही, अशी.

संध्याकाळी हे औषधं आणायला खाली गेले. सकाळी ऑपरेशन, म्हणून मी आत्यांच्या कानातली फुलं काढून रुमालात बांधत होते. एका फुलाचं मळसूत्र निघेना. "आत्या, का बोललासा तसं?"

"त्याला सांगू नगंस," त्या म्हणाल्या. "माज्यावर चिडला तर चार दिस चिडंल, आई हाय मी. तुज्यावर चिडला तर जलमभर मनात ठिवील. तुमाला अजून लय नांदायचंय." मग म्हणाल्या, "आन् तू पिलीस ती त्याच्याच पायी न्हवं? मग झालं तर."

मी त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडले. लग्न झाल्यापासून इतकी कधी रडले नव्हते. त्या म्हणाल्या, "उठ, नर्स बगती."

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. भिंतीचा जिवंत भाग रक्त मिळाल्याबरोबर हलायला लागला, असं सर्जननी बाहेर येऊन सांगितलं. काळा भाग तसाच राहणार, जड काम पुन्हा नाही. रानात जायचं स्वप्न गेलं. पण पायऱ्या चढतील.

आज सहावा दिवस. आत्या उशीला टेकून बसतात, तांदळाची पातळ कण्हेरी पितात. हे रोज येतात, फळांची पिशवी टेबलावर ठेवतात, डॉक्टरांशी बोलतात, आणि आईशी मात्र धड बोलत नाहीत. त्या "विश्वजीत, जेवलास का?" विचारतात, तर हे खिडकीकडं बघून "हूं" म्हणतात. आत्यांच्या छातीला टाके आहेत, त्यांना मोठ्यानं रडता पण येत नाही.

आणि काल कँटीनमध्ये ह्यांनी माझा हात हातात घेतला. चारचौघांत कधी घेत नाहीत. म्हणाले, "रेश्मा, तू हुतीस म्हणून आई वाचली. तिच्या मनावर सोडलं असतं तर मेली असती ती." तुम्हाला सांगितलं तसं सगळं त्यांना सांगायला हवं होतं, आणि मी नुसतं "चला, त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली" म्हणून उठले.

सुट्टी संपायला अजून चार दिवस आहेत. रोज सकाळी मी ठरवते, आज सांगायचं.